डोंगर बंद केला, ढोरं कुठं न्यायची?

धुळे तालुक्यातल्या लामकानीचा डोंगर श्रावणात बघून काही कळत नाही. श्रावणात खानदेशातला कुठलाही बोडका डोंगर चार आठवडे हिरवा असतो. लामकानीला जावं ते दिवाळी उलटून गेल्यावर. तोवर शेजारपाजारच्या टेकड्या पुन्हा मुरमाच्या रंगावर आलेल्या असतात आणि या डोंगरावर मात्र वाळून पिवळं पडलेलं गवत उभं असतं. या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हा डोंगरही बाकीच्यांसारखाच होता. पेशाने डॉक्टर असलेले धनंजय नेवाडकर यांनी गावाला सोबत घेऊन इथे कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी लागू केली, उतारावर समतल चर खोदले गेले, आणि पुढची कामं गवताने स्वतःच केली. पाऊस काही वाढला नाही. धुळ्याच्या या पट्ट्यात तो आधीही तुटपुंजा होता, आजही आहे.

त्याच जिल्ह्यात, पण अगदी वेगळ्या हवेत, साक्री तालुक्याच्या पश्चिम टोकाला बारीपाडा आहे. कोकणा आदिवासींचं जेमतेम शंभर उंबऱ्यांचं गाव. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला इथलं जंगल जवळपास संपलं होतं आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी बायकांची पायपीट ठरलेली होती. एम.कॉम. होऊनही नोकरीच्या मागे न जाता गावात राहिलेल्या चैत्राम पवारांनी लोकांना जमवलं. वनवासी कल्याण आश्रमाची साथ मिळाली. जंगल तोडणाऱ्याला दंड आणि मोकाट चराईला मज्जाव असे नियम गावानेच केले. आज सुमारे ४४५ हेक्टर जंगल या गावाने राखलेलं आहे. २००३ मध्ये आयफॅड या आंतरराष्ट्रीय संस्थेचा पुरस्कार बारीपाड्याला मिळाला आणि २०२५ मध्ये चैत्राम पवारांना पद्मश्री. तिथली रानभाज्यांची पाककला स्पर्धा तर आता पुण्या-मुंबईच्या लोकांनाही ठाऊक झाली आहे.

या दोन्ही गावांवर भरपूर लिहून झालं आहे आणि त्यातलं बहुतेक पाण्यावर आणि झाडांवर आहे. मला त्यांच्याकडे आज वेगळ्या कारणासाठी वळायचं आहे. गेल्या काही वर्षांत जगभर एक नवं गणित मांडलं जातंय: जनावरं चारण्याची रीत बदला, माती हवेतला कार्बन धरून ठेवेल, त्याचे ‘क्रेडिट’ विका, शेतकऱ्याला पैसे मिळतील. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयानेही शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजारासाठी आराखडा जाहीर केला. तेव्हा धुळे-जळगावच्या गवताळ डोंगरांवर हे गणित कितपत बसतं, आणि बसलं तर कुणाच्या पदरात काय पडतं, हे एकदा नीट पाहायला हवं.

आपल्याकडे मातीतल्या कार्बनला शेतकरी ‘सेंद्रिय कर्ब’ म्हणतो आणि तो त्याला मृदा आरोग्य पत्रिकेवर भेटतो. ही पत्रिका २०१५ पासून घरोघर पोचली. त्यावर ०.५० टक्क्यांच्या खाली आकडा असला की समोर ‘कमी’ असं लिहून येतं. खानदेशात किती पत्रिकांवर हा शब्द दिसतो ते कुठल्याही कृषी सहायकाला विचारा. पण तो आकडा निघतो कसा, हे फार थोड्यांनी पाहिलेलं असतं.

प्रयोगशाळेत एक ग्रॅम वाळलेली, चाळलेली माती शंकूच्या आकाराच्या चंबूत घेतात. तीत १० मिलिलिटर पोटॅशियम डायक्रोमेट टाकलं की नारिंगी रंग दिसतो. मग २० मिलिलिटर तीव्र गंधकाम्ल. चंबू हाताला चटका बसेल इतका तापतो आणि त्याच उष्णतेत डायक्रोमेट मातीतला कर्ब जाळून टाकतं. अर्धा तास थांबायचं, पाणी घालायचं, फॉस्फोरिक आम्ल आणि डायफिनिलअमाइनचे थेंब टाकायचे आणि वरून ब्यूरेटमधून फेरस अमोनियम सल्फेट सोडत राहायचं. गढूळ जांभळा-निळा रंग एका थेंबासरशी लख्ख हिरवा होतो. तिथे थांबायचं. किती डायक्रोमेट उरलं यावरून किती खर्ची पडलं आणि त्यावरून कर्ब किती होता, असा हा उलटा हिशोब. वॉक्ले आणि ब्लॅक या दोघांनी ही पद्धत १९३४ मध्ये दिली. तीत सगळा कर्ब जळत नाही, सरासरी ७७ टक्के जळतो असं धरून वर गुणक लावतात. म्हणजे पत्रिकेवरच्या दुसऱ्या दशांश स्थळावर फार जीव टाकण्यात अर्थ नाही.

आता हिशोब करू. एक हेक्टर शेत, वरचा १५ सेंटिमीटर थर, म्हणजे सुमारे दोन हजार टन माती. कर्ब ०.१ टक्क्याने वाढला तर दोन टन कार्बन वाढला. कार्बनचा एक टन म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे ३.६७ टन, तेव्हा सात टनांच्या थोडा वर. ऐकायला बरं वाटतं. पण चराई सुधारल्याने गवताळ जमिनीत दर वर्षी किती कार्बन साठतो, याचे जगभरचे प्रयोग एकत्र करून पाहिले गेले तेव्हा सरासरी हेक्टरी पाव टनाच्या आसपास निघाली. या गतीने ०.१ टक्का गाठायला आठ वर्षं. आणि एकाच डोंगरावर दहा पावलांच्या अंतरावर घेतलेल्या दोन नमुन्यांत याहून जास्त फरक पडू शकतो. मातीतला कार्बन विकणाऱ्याने ही गोष्ट सांगितल्याशिवाय सही करू नये.

तरीही गवत हे कार्बनचं काम इतर कुठल्याही वनस्पतीपेक्षा वेगळ्या रीतीने करतं. झाड आपली कमाई खोडात ठेवतं, ती डोळ्यांना दिसते आणि कुऱ्हाडीलाही दिसते. गवताची बरीचशी कमाई जमिनीखाली जाते. बहुवर्षायू गवताचा एक ठोंब कुदळीने उपटून झटकून पाहा. वर वीतभर पाला, खाली केसांच्या जटांसारखी मुळं आणि त्यांना घट्ट चिकटलेली कणीदार माती. मुळं जिवंत असताना त्यांतून पाझरणाऱ्या रसावर सूक्ष्मजीव पोसतात, ते मेले की त्यांचे अवशेष चिकणमातीच्या कणांना धरून बसतात, आणि टिकाऊ कर्ब बहुतांशी तोच. गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो म्हणून ढोराने वरचं खाल्लं तरी ते पुन्हा फुटतं. फुटण्यासाठी मात्र त्याला खालची शिल्लक मोडावी लागते. अमेरिकी कृषी खात्याच्या फ्रँकलिन क्रायडर यांनी १९५५ मध्ये प्रयोग करून दाखवलं की पाल्याचा निम्मा भाग काढला तर मुळांची वाढ फारशी अडत नाही. त्यापुढे गेलात तर अडते. ८० टक्के काढला तर कित्येक दिवस मुळं वाढायचीच थांबतात. आणि त्या थांबलेल्या दिवसांतच दुसरं ढोर येऊन नवा फुटवा खाऊन गेलं तर? ज्या घरी रोज पंगत बसते तिथल्या कणगीत काय राहणार!

फ्रेंच शास्त्रज्ञ आंद्रे व्हॉइसिन यांनी १९५७ मधल्या आपल्या पुस्तकात याच मुद्द्यावर बोट ठेवलं: जादा चराई ही जनावरांच्या संख्येची बाब नसून दिवसांची बाब आहे. एका जागी शंभर जनावरं एक दिवस चरून गेली आणि महिनाभर फिरकली नाहीत तर गवत सावरतं. दहाच जनावरं रोज तिथेच फिरत राहिली तर ते मरतं. आपल्या गायरानांवर नेमकं दुसरं चाललेलं असतं. गावाजवळची टेकडी, सकाळी सोडलेली गुरं, पहिल्या पावसाने फुटलेला प्रत्येक कोंब वितभर व्हायच्या आत खाल्ला गेलेला. मग मुळं आखडतात, माती उघडी पडते, पाणी मुरत नाही, वाहून जाताना वरची दोन बोटं माती घेऊन जातं. खानदेशी डोंगराचा कर्ब हवेत कमी आणि नाल्यात जास्त गेला आहे असं माझं मत आहे.

लामकानीत बंदीनंतर काय झालं असेल ते समजायला गवतांची नावं ठाऊक हवीत. झाशीच्या भारतीय चराई आणि चारा संशोधन संस्थेतले दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये भारताच्या गवताळ प्रदेशांची जी वर्गवारी केली, तिच्यात दख्खनचा हा सगळा पट्टा शेडा-पवन्या आणि मारवेल यांच्या राज्यात येतो. ही उत्तम चाऱ्याची, बहुवर्षायू, खोल मुळांची गवतं. चराईचा मारा वाढला की ती मागे हटतात आणि कुसळी पुढे येते. मार आणखी वाढला की वर्षायू, बुटकी, गुरांना नकोशी गवतं आणि तरोटा उरतो. विश्रांती मिळाली की हाच प्रवास उलटा सुरू होतो, फक्त फार हळू.

कुसळीबद्दल दोन शब्द जास्त. कोवळी असताना ती गुरं आवडीने खातात. फुलोरा आला की तिच्या प्रत्येक बीला सुईसारखं टोक आणि मागे लांब पिळदार कुसळ येतं. कुसळ ओलं झालं की पीळ उलगडतो, सुकलं की पुन्हा बसतो, आणि या उलगडण्या-बसण्यात बी स्वतःला जमिनीत गिरमिटाने भोक पाडावं तसं रुतवून घेतं. हेच गिरमिट मेंढीच्या लोकरीतून कातडीत शिरतं. तोंडात जखमा होतात, डोळे जातात. म्हणून मेंढपाळ कुसळीच्या रानात भाद्रपदाच्या आत मेंढ्या घालायची घाई करतो, नंतर तो तिथे फिरकत नाही. पूर्ण चराईबंदी केलेल्या डोंगरावर पहिली काही वर्षं हीच कुसळी माजते. वेळेवर थोडीशी चराई किंवा कापणी झाली असती तर ती आटोक्यात राहिली असती. बंदीच्या कागदावर मात्र ‘वेळेवर थोडीशी’ असा रकाना नसतो.

इथे मला चराईबंदीच्या भक्तांशी थोडं भांडायचं आहे. राळेगणसिद्धीच्या पंचसूत्रीतून हा शब्द महाराष्ट्रभर गेला आणि १९९२ पासूनच्या आदर्श गाव योजनेने त्याला सरकारी शिक्का दिला. नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी यांच्या ओळीत बसल्यामुळे चराईबंदीलाही नैतिक वजन आलं, जणू चरणं हे व्यसनच. उजाड डोंगराला पहिली पाच-सात वर्षं सक्तीची विश्रांती हवी, यात वाद नाही. लामकानी आणि बारीपाडा त्याशिवाय उभे राहिले नसते. पण गवत परतल्यानंतर पुढे काय? कापून न्यायचं, हे एक उत्तर, आणि ते चांगलं आहे: विळ्याने कापलेलं गवत ठोंबाची बुडं राखतं, गोठ्यात बांधलेलं ढोर चारा खाऊन शेण एका जागी देतं. ज्याच्याकडे गोठा आहे, चार माणसं आहेत, दुभतं जनावर आहे त्याला हे परवडतं. दहा शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईला विळा घेऊन डोंगर चढणं आणि भारा घेऊन उतरणं परवडत नाही. गावाच्या बैठकीत चराईबंदीला हात वर करणारे बहुधा पहिल्या वर्गातले असतात.

आणि ज्याला गावच नाही, त्याचं काय?

धुळे जिल्ह्यात, विशेषतः साक्री आणि धुळे तालुक्यांत, ठेलारी समाजाची वस्ती आहे. मेंढ्या हाच त्यांचा पिढीजात व्यवसाय. पावसाळ्यात आपल्या गावाकडे, माळावर; खरीप निघालं की घोड्यांवर बिऱ्हाड लादून, बायकापोरांसह बाहेर. कुणी गुजरातच्या दिशेने उतरतात, कुणी तापीकाठच्या काळ्या रानांकडे. कपाशी वेचून झालेलं रान, मक्याचं खुंटाडं, केळीबागांच्या कडेचा हिरवा पाला, अशा उरल्यासुरल्यावर कळप जगतो. रात्री शेतकऱ्याच्या रानात वाघूर लावून मेंढ्या बसवायच्या. वाघूर म्हणजे सुतळीचं जाळं, काठ्या रोवून चारी बाजूंनी ताणलेलं. सकाळी जाळं उचललं की खाली लेंड्यांचा आणि मुताचा थर. दुसऱ्या रात्री वाघूर शेजारच्या तुकड्यात. शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा रोख देतो.

आता मातीच्या नजरेने बघा. डोंगरावरच्या मुरमाड जमिनीची खोली कुठे वीत, कुठे हात. तिथे कर्बाची टक्केवारी वाढली तरी माती मुळातच थोडी, त्यामुळे टनांत मोजायला गेलं तर साठा लहान. खरी कोठार-जमीन खाली आहे: तापी, गिरणा, पांझरा, बोरी यांच्या खोऱ्यातली खोल काळी माती. निम्म्याहून अधिक चिकण, उन्हाळ्यात हातभर खोल भेगा पडणारी, आणि त्या भेगांतून वरचा पालापाचोळा पोटात घेणारी. कर्ब धरून ठेवण्याची ताकद या मातीत आहे. पण ती नांगराखाली आहे, वर्षातले सात-आठ महिने उघडी आहे, आणि जळगावच्या एप्रिल-मेच्या उन्हात असलेला कर्बही भराभर जळतो. गवत डोंगरावर आणि कोठार खोऱ्यात, अशी ही अडचण. दोघांच्या मध्ये चार पायांचं वाहन आहे. डोंगराचा कार्बन पोटातून आणून खोऱ्यात उतरवण्याचं काम ढोरं आणि मेंढ्या शेकडो वर्षं करत आल्या आहेत.

अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात १९८८ च्या सुमाराला ज्वारी-गव्हावर सुरू झालेला दीर्घकालीन खत प्रयोग याच काळ्या मातीवर चालतो. रासायनिक खताबरोबर दर वर्षी शेणखत मिळालेल्या वाफ्यांत कर्ब वाढला, काहीच न मिळालेल्या वाफ्यांत तो तळाला गेला. यात शेतकऱ्याला चकित करणारं काही नाही. चकित करणारं हे, की इतकं ठाऊक असून आपण शेणखत येण्याचे सगळे रस्ते एकेक करून बंद केले. ट्रॅक्टर आला, बैल गेले. तापीकाठच्या दादर ज्वारीचं क्षेत्र आटलं, तिच्या जागी कपाशी आणि मका आला, कडब्याच्या गंज्या गेल्या आणि शेकड्यावर विकला जाणारा कडबा गरीब गोठ्याच्या आवाक्याबाहेर गेला. उरलेलं शेण गोवऱ्यांत, नाहीतर उघड्या उकिरड्यावर मेपर्यंत वाळत. कपाशीच्या पऱ्हाट्या बांधावर पेटवायच्या आणि वर कर्ब कमी म्हणून पत्रिकेला दोष द्यायचा.

खिलार जनावरांच्या जुन्या वर्गीकरणात ‘तापी खिलार’ किंवा ‘थिल्लारी’ असा पश्चिम खानदेशचा वेगळा प्रकार नोंदलेला आहे. सातपुड्याच्या पायथ्याला ती जनावरं पिढ्यान्‌पिढ्या वाढवणारे व्यावसायिक पशुपालक होते. म्हणजे हा मुलूख एकेकाळी बैल पिकवत होता. १८१८ नंतर इंग्रजांनी ओसाड पडलेला खानदेश लागवडीखाली आणायला सुरुवात केली; १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्याच सुमाराला रेल्वे आली. कुरणांवर नांगर फिरला. उरलेला डोंगर १८७८ च्या वन कायद्याने सरकारी झाला. मग गुरं उरल्या तुकड्यांवर दाटली आणि दीडशे वर्षांनी आपण म्हणतो, गुरांनी डोंगर खाल्ला.

हे चाललंच आहे. सरकारी दफ्तरी गवताळ माळ ‘पडीक’ या रकान्यात मोडतो. पडीक म्हटलं की ती जमीन काहीतरी ‘उपयोगात’ आणायची सगळ्यांना घाई. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांचं रान उभं राहिलं, शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौरप्रकल्प झाला. वीज हवीच, तीही कोळशावाचून हवी. त्याला विरोध नाही. पण जागा निवडताना तिथे आधी कोण चारत होतं, हा प्रश्न विचारायची पद्धत आपल्याकडे नाही. वनखात्याला झाडं लावायची असली तरी तेच: खड्डे गवतात आणि कुंपण मेंढीला.

आता कार्बन क्रेडिटचं. झिम्बाब्वेच्या ॲलन सेव्हरी यांनी २०१३ मधल्या एका गाजलेल्या भाषणात असा दावा केला की कळप दाट ठेवून सतत हलवत राहिलं तर वाळवंटं परत हिरवी होतील आणि हवामानबदलही परतवता येईल. भाषण जगभर फिरलं. २०१७ मध्ये ऑक्सफर्डशी जोडलेल्या संशोधकांनी ‘ग्रेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ नावाचा अहवाल काढून हिशोब तपासला. चांगल्यात चांगली चराई धरली तरी मातीत साठणारा कार्बन हा चरणाऱ्या जनावरांच्या एकूण उत्सर्जनाच्या २० ते ६० टक्केच भरपाई करतो, आणि तीही माती भरेपर्यंतच. काही दशकांनी साठा स्थिरावतो, गुरांचा मिथेन चालूच राहतो. म्हणून ‘गाईने पृथ्वी वाचेल’ हे जितकं खोटं, तितकंच ‘गाईने पृथ्वी बुडेल’ हेही खानदेशापुरतं अर्धवट. कारण इथल्या गुराला कुणी सोयाबीन पिकवून घालत नाही, ते माणसाला न पचणारं खाऊन जगतं.

उत्तर केनियात काय घडलं ते मात्र आपल्या गावांनी नीट ऐकावं. तिथल्या सुमारे २० लाख हेक्टर कुरणांवर संबुरू, बोराना, रेंडिले या पशुपालकांच्या चराईचं ‘नियोजन’ करून मातीत कार्बन साठवण्याचा मोठा प्रकल्प उभा राहिला. मेटा, नेटफ्लिक्स अशा कंपन्यांनी त्याचे क्रेडिट घेतले. २०२३ मध्ये सर्व्हायव्हल इंटरनॅशनल या संस्थेने अहवाल काढून विचारलं की या लोकांची मूळची, पावसामागे फिरण्याची रीत मोडून नवी रीत आणली तर कार्बन वाढला हे ठरवलं कशावरून, आणि लोकांची संमती घेतली कुणी? प्रमाणपत्र देणाऱ्या व्हेरा संस्थेला फेरतपासणी लावावी लागली. जानेवारी २०२५ मध्ये इसिओलोच्या न्यायालयाने तिथल्या दोन संरक्षित क्षेत्रांची स्थापनाच बेकायदा ठरवली. ऑस्ट्रेलियात तर मातीचा कार्बन विकला तर तो २५ किंवा १०० वर्षं राखायची हमी द्यावी लागते. साक्रीच्या एखाद्या ग्रामपंचायतीने शंभर वर्षांची हमी कुणाच्या जीवावर द्यायची? एक वणवा, सलग दोन दुष्काळ, आणि हमी मोडली.

पैशाचंही बघू. हेक्टरी पाव टन कार्बन म्हणजे वर्षाला सुमारे ०.९ टन कार्बन डायऑक्साइड. टनाला १० डॉलर भाव धरला तर हेक्टरी ८०० रुपये. त्यातून नमुने, प्रयोगशाळा, पडताळणी करणारे परदेशी साहेब आणि मधला दलाल वजा करा. आता त्याच हेक्टरवर नीट राखलेल्या डोंगराचं वाळलेलं गवत दोन टनच निघालं असं धरा आणि किलोला चारच रुपये भाव लावा. ८००० रुपये. दहापट. आणि हा पैसा दर वर्षी, गावातच, कुणाच्या सहीवाचून. वर विहिरीचं पाणी फुकट. माझ्या लेखी खानदेशातल्या डोंगराचा कार्बन हा गवताच्या धंद्याचा जोडमाल आहे, मुख्य माल नव्हे. जी योजना हा क्रम उलटा लावील तिच्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं.

मग करायचं काय? डोंगराचे तुकडे पाडायचे, चार किंवा सहा. पहिल्या पावसापासून गवत फुलोऱ्यावर येईपर्यंत, म्हणजे निदान दोन-अडीच महिने, त्यातले बहुतेक तुकडे पूर्ण बंद. एक-दोन तुकडे गावच्या शेळ्या-गुरांना, ठरलेल्या दिवसांपुरते, आणि हे तुकडे दर वर्षी बदलते. बी गळून गेल्यावर कापणी. कापणीनंतर उरलेल्या बुडख्यांवर हलकी चराई. कुसळी माजलेला तुकडा असेल तर तिथे भाद्रपदाच्या आत मेंढ्यांना मुद्दाम बोलवायचं. वणव्यासाठी पट्टे जाळून ठेवायचे. यात क्रांतिकारक काही नाही; पूर्वीच्या राखीव कुरणांत असंच काही चालायचं.

खरी अडचण पावसाळ्यातली आहे आणि ती झाकून चालणार नाही. गवताला विश्रांती हवी त्याच चार महिन्यांत ठेलारी आपल्या मुलखात परतलेला असतो, कारण तेव्हा खोऱ्यात सगळीकडे पिकं उभी असतात आणि मेंढीला दुसरीकडे पाय टेकायला जागा नसते. म्हणूनच या चार महिन्यांसाठी वनजमिनीवर चराई मिळावी ही मेंढपाळांची जुनी मागणी आहे आणि म्हणूनच वनरक्षक आणि मेंढपाळ यांचे खटके याच काळात उडतात. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(१)(ड) भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत मानतं. पण अनुसूचित जमातीत नसलेल्याला तीन पिढ्यांचा, ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. ज्याचं बिऱ्हाड घोड्यावर, त्याने ७५ वर्षांपूर्वीचा कागद कुठून काढायचा? वनखात्याच्या जुन्या चराई पासांच्या नोंदी खात्याच्याच कपाटांत असतील. त्या काढून दाव्यांना जोडल्या तर बराच प्रश्न सुटेल. आणि सगळ्या डोंगरांना एकाच वर्षी बंद न करता आळीपाळीने बंद केलं, तर मेंढीला कुठला तरी डोंगर उघडा राहील. एका गावाची चराईबंदी म्हणजे शेजारच्या गावावर दुप्पट चराई, हे गणित तालुक्याच्या पातळीवर मांडल्याशिवाय सुटणार नाही.

गायरानाची जमीन वाचवायला सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०११ चा जगपाल सिंग खटल्यातला निकाल हाताशी आहे. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला त्याने राज्यांना बजावलं. पण मोकळं केलेलं गायरान राखणार कोण, हे निकालात लिहिलेलं नसतं. ते गावानेच ठरवायचं असतं, बारीपाड्याने ठरवलं तसं.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे कुरणं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. त्यानिमित्ताने परिषदा होतील, फलक लागतील. धुळे आणि जळगावच्या मृद परीक्षण प्रयोगशाळांना एवढंच सांगणं, की मृदा आरोग्य पत्रिका खातेदाराच्या शेताची निघते. गायरानाला खातेदार नाही म्हणून त्याची माती तपासायला येतच नाही. लामकानीचा राखलेला डोंगर आणि त्याच्या शेजारचा उघडा डोंगर, दोन्हींचे नमुने एकाच खोलीवरून दर पाच वर्षांनी घ्या आणि आकडे गावाच्या फळ्यावर लावा. खर्च फार नाही.

आणि ग्रामसभांना: खानदेशात सालदार, म्हणजे वर्षाचा गडी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरतो. पुढच्या आखाजीला सालदारांबरोबर डोंगराचंही साल ठरवा. कुठला तुकडा बंद, कुठला उघडा, कापणी कुणाची, मेंढ्या कधी आणि किती दिवस. त्या बैठकीला ठेलाऱ्यांना आणि शेळ्यावाल्या बायकांना बोलवायला विसरू नका.